रुई पाहणारा साहेब

जपानने युद्धात उडी घेतली त्या आठवड्यात उज्जैनच्या रुईबाजारात एक बातमी फिरली, असं आमचे अण्णा सांगत. दर हंगामाला येणारा जपानी कंपनीचा साहेब म्हणे व्यापारी नव्हताच. तो फौजेतला कॅप्टन होता, आणि मलायात वर्दी घालून फिरताना त्याला कुणीतरी पाहिलं होतं. ते कुणी पाहिलं आणि उज्जैनचा माणूस मलायात काय करत होता, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. दोन दिवसांत कॅप्टनचा कर्नल झाला. आठवडाभरात तर क्षिप्रेच्या पुलाचा नकाशा त्याच्या सामानात सापडल्याचंही लोक सांगू लागले.

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. उज्जैनच्याच एका जिनात, म्हणजे कपाशीतून सरकी काढायच्या कारखान्यात, ते हिशेबनीस होते. घराणं शिंद्यांच्या मागोमाग माळव्यात आलेलं, त्यामुळे घरात बोलणं मराठी, बाजारात माळवी आणि वह्या हिंदीत. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात. नजरअली मिल, विनोद मिल यांचे भोंगे शहराला उठवत, आणि हंगामात कपाशीच्या बैलगाड्यांची रांग गावाबाहेरून जिनाच्या फाटकापर्यंत लागे. अण्णांचं सगळं आयुष्य त्या फाटकाच्या आत गेलं. म्हणून त्यांच्या गोष्टीतला जपानी साहेबही फाटकाच्या आतलाच आहे. बाहेर तो काय करी, हे अण्णांना ऐकूनच माहीत.

आत तो काय करी, ते मात्र अण्णा हातानिशी करून दाखवत. माझी आजी, माई, वाती वळायला बसली की तिच्यापुढचा कापूस उचलत आणि सांगायला लागत. साहेब ढिगाच्या वरची रुई कधी घ्यायचा नाही. कोपरापर्यंत हात खुपसून आतली चिमूट काढायचा. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या यांच्यात ती धरून हळूच ओढायचा, तिचे दोन तुकडे झाले की दुसरा पहिल्यावर ठेवून पुन्हा ओढायचा. असं पाचसहा वेळा केलं की वेडेवाकडे तंतू सरळ होऊन एकमेकांशेजारी झोपत. मग ती पट्टी काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून डोळे बारीक करून पाहायची. किती लांब, किती सारखी, कचरा किती, ओल किती. एवढं सगळं होईतो तोंडातून शब्द नाही. मग खिशातली वही निघे.

त्या वहीत भाव असे, धाग्याची लांबी असे, ते ठीकच होतं. पण साहेब अण्णांना आणखीही विचारी. आज गाड्या किती आल्या? कुठल्या बाजूच्या जास्त, आगरच्या की बडनगरच्या? नदीला पाणी कधी उतरलं? रेल्वेने वॅगन किती दिल्या, किती दिवस थांबवलं? हमालांना मजुरी काय? बैलाची जोडी सध्या कितीला? अण्णा सांगत. सांगायला हरकत काय होती? बाजारातल्या पोरालाही ते माहीत होतं. पुढे हेराची बातमी उठली तेव्हा अण्णांना त्या सगळ्या उत्तरांची रुखरुख लागली ती कायमची.

माईचं म्हणणं अगदी वेगळं. तिने साहेबाला लांबून पाहिलेलं. तिला आठवायचा १९३३ चा सिंहस्थ. रामघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुतर्फा लागलेली जपानी मालाची दुकानं, काचेच्या बांगड्या, सेल्युलॉइडच्या बाहुल्या, नकली रेशमाचे तुकडे, कागदी पंखे. एका बाहुलीच्या पैशात आपल्याकडे धड मातीचं चित्र येत नव्हतं, असं ती सांगे. भैरवगढच्या छिप्यांची छीट सोडून बायका त्या गुळगुळीत कापडाला हात लावून पाहत आणि घेतही. घरात खादीचं व्रत असलेल्या तिच्या नणंदेने यावरून बरंच ऐकवलं होतं. माई म्हणे, ‘हे पाहा, तो माणूस आमची रुई घेऊन जायचा आणि तिचंच लुगडं करून परत पाठवायचा. हेर कसला? व्यापारी. आणि तुमच्यापेक्षा हुशार.’

माईच्या या एका वाक्यात निम्मा इतिहास आहे. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले, आणि त्याच वर्षी निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीची मुंबई ते कोबे अशी कापसाची वाहतूक सुरू झाली. तोवर या मार्गावर ब्रिटिश जहाज कंपन्यांची सद्दी होती, आणि त्यांनी भाडी पाडून नव्या कंपनीला चेपायचा पुष्कळ प्रयत्न केला. मित्सुई कंपनी मुंबईत आली, योकोहामा स्पेसी बँक आली. मग निप्पॉन मेन्का, गोशो आणि मित्सुईच्या कापूस खात्यातून १९२० साली वेगळी झालेली तोयो मेन्का, या तीन कंपन्यांनी हिंदुस्थानी रुईची खरेदी आपल्या हातात घेतली. मुंबईच्या बाजारात बसून नमुने पाहण्यावर त्या थांबल्या नाहीत. वऱ्हाड, खानदेश, माळवा, जिथे कपाशी वेचली जाते तिथे त्यांची माणसं पोचली. आपली आखूड धाग्याची रुई लँकेशायरला नको असे. जपानी गिरण्या ती अमेरिकन रुईत अशा बेताने मिसळत की सूत स्वस्तही पडे आणि तुटतही नसे. त्यासाठी कुठल्या तालुक्याची रुई कशी, हे बोटांना कळलेलं माणूस लागायचं. अण्णांच्या जिनात हात खुपसणारा साहेब त्या कामाचा माणूस होता.

१९३० च्या दशकात काही वर्षं अशी गेली की देशाबाहेर जाणाऱ्या कच्च्या कापसातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या जपानने उचलला. आणि त्याच काळात जपानी कापडाने मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांची झोप उडवली. जून १९३३ मध्ये सरकारने ब्रिटिश सोडून इतर कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानच्या गिरणीवाल्यांनी उलट डाव टाकला: हिंदुस्थानी रुईच घ्यायची नाही. सिंहस्थ उरकून महिनाभरही झाला नव्हता. त्या वर्षीचा हंगाम अण्णा कधी विसरले नाहीत. गाठी जिनाच्या आवारात रचून पडल्या, आढत्ये हात वर करून मोकळे झाले, आणि शेतकरी सरकीच्या भावाने कपास घ्या म्हणून दारात उभे राहिले. महिनोन् महिने बोलणी चालली, जानेवारी १९३४ मध्ये समझोता झाला. जपानने वर्षाला १० लाख गाठी उचलल्या तर त्याला साडेबत्तीस कोटी वार कापड पाठवता येईल, १५ लाख उचलल्या तर ४० कोटी वार. जकात ५० टक्क्यांवर आली. चारशे पौंडांची एक गाठ, आणि अशा लाखो गाठींचं भवितव्य ठरलं सिमल्यात नि दिल्लीत. त्या बोलण्यांत माळव्याचा शेतकरी कुठेच नव्हता.

पण अण्णांच्या संशयातही तथ्य होतं, आणि ते समजून घ्यायला चीनच्या किनाऱ्यापर्यंत जावं लागतं.

१८८६ मध्ये अराओ सेई नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी चीनमधल्या हांकौ शहरात दुकानदार म्हणून उतरला. दुकानाचं नाव राकुझेन्दो. टोकियोतल्या किशिदा गिन्को यांच्या मूळ दुकानात डोळ्यांत घालायचं औषध मिळे, त्याचीच ही शाखा. औषधं, पुस्तकं, किरकोळ सामान. अराओच्या हाताखालची पोरं चिनी वेष करून, डोक्यावर वेणी ठेवून, पाठीवर औषधांची पेटी घेऊन आत आत हिंडत. औषध विकत आणि रस्ते, नद्या, धान्याचे भाव, गढ्यांची डागडुजी, लोकांची नाराजी टिपून आणत. चार वर्षांनी शांघायमध्ये व्यापाराचं शिक्षण देणारी एक संस्था निघाली. तिथल्या तरुणांना १८९४ च्या चीन-जपान युद्धात दुभाषे आणि टेहळे म्हणून वापरलं गेलं. काही पकडले गेले आणि त्यांची मुंडकी उडवली गेली. १९०१ मध्ये त्याच वाटेवर तोआ दोबुन शोइन हे महाविद्यालय उभं राहिलं. तिथल्या मुलांना शेवटच्या वर्षी चीनभर महिनोन् महिने पायपीट करून अहवाल लिहावा लागे: वजनंमापं कोणती, नाणी कोणती, होडीचं भाडं किती, खेचर किती ओझं नेतं. त्या अहवालांतून चीनच्या प्रांतांची १८ खंडांची माहितीमाला छापली गेली. ती दुकानात मिळे, कुणीही विकत घ्यावी.

हे वाचताना मला अण्णांच्या जिनातली वही आठवल्याशिवाय राहत नाही. प्रश्न तेच आहेत. गाड्या किती, पाणी कधी उतरतं, जोडी कितीला. व्यापाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो बुडतो, सेनापतीला ठाऊक नसेल तर त्याची फौज बुडते. एकाच वहीवर दोघांचं काम भागतं. फरक पडतो तो वही हंगामाच्या शेवटी कुणाच्या टेबलावर जाते यावरून. आणि आपल्याला हे नवीन असायचं कारण नव्हतं. पेशवाईत साहुकारांच्या पत्रांतून हुंडीच्या दराबरोबर फौजांच्या हालचाली येत, आणि दरबारोदरबारचे अखबारनवीस मुदपाकखान्यापासून तोफखान्यापर्यंत सगळं लिहून धाडत. ज्या शिंद्यांच्या छावणीत आमचे पूर्वज चाकरीला होते, तिचं निम्मं बळ या कागदांत होतं.

चीनच्या त्याच किनाऱ्याशी माळव्याचं आणखी जुनं नातं आहे, आणि ते सांगताना मला बरं वाटत नाही. उज्जैनला कापसाआधी अफूने पैसा दिला. माळव्याची अफू इथे तोलली जाई, तिच्या १४० पौंडांच्या पेट्या बांधल्या जात, आणि मुंबईमार्गे त्या चीनला जात. इंदूरचे शेठ हुकूमचंद यांनी अफूच्या सट्ट्यात कमावलेला पैसा पुढे गिरण्यांत ओतला. १९१३ च्या सुमारास चीनची वाट बंद झाली तेव्हा माळव्याने भांडवल अफूतून काढून रुईत घातलं. आमच्या पणजीच्या तोंडच्या गोष्टींत पेट्या होत्या, तराजू होता, नफा होता. चिनी माणूस एकदाही आला नाही. माल कोण खातो आणि त्याचं काय होतं, हे त्या गोष्टींत कुठेच नाही.

आपण सोडलेल्या त्या बाजारात पंचवीस वर्षांनी कोण बसलं? सातोमी हाजिमे. तोआ दोबुन शोइनचाच विद्यार्थी, पुढे पत्रकार, पुढे लष्कराचा माणूस. १९३९ मध्ये शांघायमध्ये त्याच्या हाती आलेल्या कंपनीचं नाव होतं कोसाई झेन्दो. नावाप्रमाणे ती दानधर्माची पेढी वाटावी. विकायची मात्र अफू. आधी मित्सुईने आणलेली इराणची, मग जपानने व्यापलेल्या मंगोल मुलखातली. त्या पैशावर व्याप्त चीनमधली बाहुली सरकारं आणि लष्कराची गुप्त कामं पोसली गेली. युद्धानंतर टोकियोच्या खटल्यात सातोमीने जबानी दिली. त्याला स्वतःला शिक्षा झाली नाही. ‘धर्मादाय’ पाटीखाली विष विकणाऱ्या माणसाचा मला संताप येतो, आणि तो येताना माळव्यातल्या अफूच्या पैशावर उभ्या राहिलेल्या धर्मशाळाही डोळ्यांसमोरून हटत नाहीत.

तर मग जपान्यांबद्दल पसरलेल्या त्या सगळ्या गोष्टी खऱ्या होत्या का? ही गोष्ट एकट्या उज्जैनची नाही. पेनांगमध्ये न्हावी होता तो मेजर निघाला, सिंगापुरात फोटोग्राफर होता तो गुप्तहेर निघाला, दात काढणारा डॉक्टर रणगाड्यांच्या पलटणीबरोबर परत आला, असं आग्नेय आशियातली म्हातारी माणसं गावोगाव सांगत आली. त्यातलं काही घडलेलंही आहे. सिंगापुरातल्या जपानी वकिलातीतले शिनोझाकी मामोरू यांना ब्रिटिश सैनिकाकडून माहिती काढल्याच्या आरोपावरून १९४० मध्ये पकडून साडेतीन वर्षांची सजा दिली गेली. मलायात न्हाव्याचा मुलगा असलेला तानी युताका जपानी गुप्तचरांना जाऊन मिळाला आणि मलेरियाने मेला. जोहोरमध्ये जपानी कंपनीच्या लोखंडाच्या खाणी होत्या, त्यांना आसपासचा मुलूख पाठ होता. पण हजारो जपानी माणसं नुसती पोटासाठी परदेशात राहत होती, केस कापत होती, फोटो काढत होती. त्यांना सगळ्यांना एका दोरीत बांधण्याची घाई युद्धात होते.

आपल्याकडे ती घाई २६ जुलै १९४१ ला सुरू झाली. जपानने दक्षिण इंडोचीनमध्ये पाय टाकला, आणि सरकारने जपानी पैसा गोठवला. रुईची खरेदी एका फटक्यात थांबली. डिसेंबरात उरलेसुरले जपानी नागरिक स्थानबद्ध झाले. दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात तंबू ठोकून छावणी झाली. तिथे पुढे मलाया-सिंगापूरहून आणलेली बायकामुलंही कोंबली गेली, आणि १९४३ मध्ये त्यांना राजपुतान्यातल्या देवळीला हलवलं. ऑगस्ट १९४२ मध्ये काहींना मुंबईहून बोटीने आफ्रिकेतल्या लॉरेन्सो मार्किसला नेऊन अदलाबदलीत मायदेशी धाडलं. जिनातला साहेब यांतल्या कुठल्या रांगेत होता, की जुलैतच निघून गेला होता, अण्णांना कळलं नाही. त्याच्या कंपनीने लावलेल्या कुलपावर सरकारी लाखेची मोहोर आली, एवढं त्यांनी पाहिलं.

त्या वेळच्या बाजाराची अवस्था आज सांगून पटायची नाही. रुईच्या सौद्यांच्या तारा कायमच सांकेतिक असत. शब्द वाचवायला व्यापारी छापील कोडबुक वापरत, एका शब्दात भाव, माल, मुदत सगळं येई. सेन्सॉरने या सांकेतिक तारांवर बंधनं घातली, आणि ज्याच्या गल्ल्याखाली कोडबुक आहे तो प्रत्येक दलाल स्वतःच्याच पेढीवर चोरासारखा बसू लागला. अण्णांच्या ओळखीच्या एका दलालाने आपलं कोडबुक रातोरात चुलीत घातलं. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टण आणि काकीनाडा इथे बॉम्ब पडले आणि मुंबईहून बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं संस्थानांत आली. आमच्या दोन खोल्यांत गिरगावातले नातेवाईक राहिले. सुटे पैसे मिळेनासे झाले. पुढच्या वर्षी मध्ये भोक असलेला तांब्याचा पैसा निघाला, तो दोऱ्यात ओवून माईच्या फडताळात कितीतरी वर्षं होता.

सगळ्यात वाईट वाटतं ते वर्ध्याच्या भिक्खूचं. अण्णांची थोरली बहीण, आमची ताईआत्या, वर्ध्याला दिलेली. फुजी गुरुजी हे जपानी बौद्ध भिक्खू १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले, आणि पुढे त्यांच्या पंथाचा एक भिक्खू सेवाग्रामला राहिला. सकाळ-संध्याकाळ हातातल्या ढोलक्यावर ठेका धरून मंत्र म्हणत तो आश्रमाभोवती फिरे. ताईआत्या सांगे, आधी पोरं त्याच्यामागे हसत जात, मग तालात चालायला लागत. मिळेल ते काम करायचा, आणि कुणी रागावलं तरी वाकून नमस्कार करायचा. युद्ध सुरू होताच पोलीस त्याला घेऊन गेले. गांधीजींनी जुलै १९४२ मध्ये प्रत्येक जपानी माणसाला उद्देशून जे पत्र लिहिलं, त्यात जपानच्या चीनवरील आक्रमणाला खडे बोल सुनावले आहेत आणि याच पत्रात या भिक्खूची आठवणही काढली आहे. त्याचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत राहिला तो राहिलाच. एका राष्ट्राचा अन्याय आणि त्या राष्ट्राचा एक साधा माणूस, यांना वेगळं ठेवण्याची बुद्धी त्या धामधुमीत फार थोड्यांना झाली. उज्जैनच्या बाजाराला ती झाली नव्हती, दिल्लीच्या सरकारला तर नाहीच.

आणि ज्यांना खरंच गुप्त कामावर पाठवलं गेलं, ती आपलीच मुलं होती. पेनांगच्या स्वराज इन्स्टिट्यूटमध्ये मलायातल्या हिंदी तरुणांना शिकवून सप्टेंबर १९४२ मध्ये जपानी पाणबुड्यांनी त्यांच्या तुकड्या काठेवाड आणि मलबारच्या किनाऱ्यांवर उतरवल्या. रबरी होडीतून अंधारात किनारा गाठायचा आणि देशात मिसळून जायचं. संस्थेचे प्रमुख एन. राघवन यांना न विचारता ही मुलं उचलली गेली, त्यावरून त्यांचं जपान्यांशी बिनसलं. बहुतेक पकडले गेले. वक्कम अब्दुल खादर, फौजा सिंग, सत्येंद्रचंद्र बर्धन आणि आनंदन यांना १० सप्टेंबर १९४३ रोजी मद्रासच्या तुरुंगात फाशी दिली. केरळचा मुसलमान, पंजाबचा शीख, बंगालचा बर्धन. यांची नावं आमच्या कुठल्याच वडीलधाऱ्याच्या तोंडून मी ऐकली नाहीत. कर्नल झालेल्या काल्पनिक साहेबाची गोष्ट घरोघर पोचली, आणि ही चार नावं माळव्यापर्यंत आली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

एक प्रश्न मला सुटत नाही. पन्नास वर्षं जपानी व्यापारी या देशाच्या खेड्यांत वावरले, आमच्या रुईचा तंतू त्यांना तोंडपाठ होता, मग त्यांच्या लष्कराला हिंदुस्थान इतका कमी कसा माहीत होता? आझाद हिंद फौजेची पहिली जुळवाजुळव ज्याने केली तो मेजर फुजिवारा इवाइची, त्याला १९४१ च्या शरदात बँकॉकला धाडलं तेव्हा त्याच्याबरोबर मूठभर माणसं होती. आपली भाषा त्याला येत नव्हती, बोलायला दुभाषा लागे. माणूस मनाचा मोठा होता, मलायातल्या जितराच्या लढाईनंतर हाती आलेल्या कॅप्टन मोहनसिंगांना त्याने बरोबरीने वागवलं, म्हणून काम पुढे गेलं. सिंगापूर पडल्यावर युद्धकैद्यांमधून जी फौज उभी राहिली तिच्यात आमच्या सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले होते. नेताजींच्या काळात ते फौजेचे चीफ ऑफ स्टाफ झाले. अण्णा त्यांचं नाव ‘आपले भोसले’ असंच घेत.

मग मार्च १९४४. मुतागुची रेन्या या सेनापतीने तीन डिव्हिजन घेऊन इम्फाळवर चाल केली. रसद तीन आठवड्यांपुरती, आणि बरोबर गुरांचे कळप, म्हणजे सामानही वाहायचं आणि लागेल तसं कापून खायचं. गुरं चिंदविन नदीत वाहून गेली, डोंगरात कोसळली. पावसाळ्याने रस्ते गिळले. तीस हजारांवर जपानी सैनिक मेले, त्यांतले कितीतरी भुकेने आणि तापाने, आणि त्यांच्याबरोबर आझाद हिंदची आपली मुलंही. बैल किती ओझं किती दिवस ओढतो, पहिल्या पावसानंतर गाडीवाट किती दिवस बंद राहते, हे अण्णांनी दर हंगामाला सांगितलं होतं. त्या वहीतलं सगळं ओसाकाच्या कापूस कंपनीच्या दप्तरात गेलं असणार. मुतागुचीच्या तंबूत ते पोचलं नाही. पोचलं असतं तरी त्याने वाचलं असतं, असं मला वाटत नाही. त्याचे स्वतःचे अधिकारी रसदीचं सांगत होते, तेही त्याने ऐकलं नाही.

म्हणून मी अण्णांना म्हणे, तुमचा साहेब हेर असलाच तर फार कामाचा नव्हता. ते मानत नसत. ‘लिहून तोच घेत होता ना? आम्हाला सगळं माहीत होतं, पण आमच्यात लिहिलं कुणी?’ यावर मी त्यांना सांगे की सरकार दर हंगामात पिकाचे अंदाज छापत असे, १९२१ पासून कापसासाठी मध्यवर्ती समितीही होती. ‘ते सरकारने लिहिलं,’ अण्णा म्हणत. ‘शेतकऱ्यासाठी कुणी लिहिलं?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९४१ च्या जुलैत गिऱ्हाईक गेलं आणि आखूड धाग्याच्या कपाशीचे भाव कोसळले, तेव्हा माळव्यातल्या कुठल्या गावात किती कापूस पडून आहे हे त्या शेतकऱ्यांच्या बाजूने मांडणारं कुणी नव्हतं. पुढच्या वर्षी ‘अधिक धान्य पिकवा’ आलं, आणि कपाशीच्या रानांत ज्वारी पेरा म्हणून फर्मानं निघाली. जिनाचं एक चाक त्या हंगामात फिरलंच नाही. अण्णांना अर्ध्या पगारावर बसवलं.

९ जून १९५२ ला भारताने जपानशी स्वतंत्र शांततेचा तह केला. मुंबईत जपानी कंपन्यांची कार्यालयं परत उघडली. पण फाळणीत सिंध-पंजाबचा लांब धाग्याचा कापूस पाकिस्तानात गेला होता, आपल्याच गिरण्यांना रुई पुरत नव्हती, आणि निर्यातीवर नियंत्रणं होती. जपानला आता भारतीय किनाऱ्यावरून हवं होतं ते खनिज लोखंड, आणि ते गोव्याच्या खाणींतून जहाजं भरभरून जाऊ लागलं. काही आखूड धाग्याची देशी रुई तेवढी त्यांना लागे. हंगामभर उज्जैनला मुक्काम ठोकून बसणारा साहेब पुन्हा आला नाही. अण्णा शेवटपर्यंत त्याला हेर म्हणत राहिले, माई व्यापारीच म्हणत राहिली, आणि या वादात दोघांपैकी कुणी माघार घेतल्याचं मला आठवत नाही.